धोंडा, पोळा आणि नव्याचा सण

2023 साली श्रावणात धोंडा, म्हणजे अधिक महिना, आला. नांदेड-लातुरातले जावई सासुरवाडीला जेवून आले, वाणात 33 अनारसे घेऊन आले. महिनाभर लांबलेला श्रावण संपला तेव्हा 14 सप्टेंबरला पोळा झाला, आणि बैलांच्या शिंगांचा रंग ताजा असतानाच 16 तारखेला ज्यू लोकांचं 5784वं वर्ष लागलं. पुढच्या वर्षी मात्र हेच नववर्ष उजाडलं 3 ऑक्टोबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी.

ज्यू नववर्षाचा हा सण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून उतरले, असं इथले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. हिब्रूतलं ‘रोश हशाना’ त्यांच्या तोंडी ‘नव्याचा सण’ झालं. पाठोपाठ खिरीचा सण. दहाव्या दिवशीच्या कडक उपासाला, योम किप्पूरला, दारं लावून घरात बसायचं, म्हणून तो दारफळणीचा सण.

नव्याच्या सणाची तिथी ठरलेली आहे: तिश्री महिन्याचा पहिला दिवस. तारीख सरकते ती चंद्रामुळे. चंद्राचे बारा महिने साधारण 354 दिवसांत उरकतात, ऋतुचक्राला 365 लागतात. दरवर्षीची अकरा दिवसांची ही तूट इस्लामी पंचांग भरून काढत नाही, म्हणून नांदेडचा मोहरम कधी भर उन्हाळ्यात येतो तर कधी थंडीत. ज्यू आणि मराठी पंचांगं ती साठू देतात आणि एका जादा महिन्यानं फेडतात.

फेडीची रीत मात्र दोघांची वेगळी. आपला अधिक महिना सूर्य ठरवतो. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगानं धावते, त्यामुळे सूर्य राशी भराभर ओलांडतो. म्हणून धोंडा हिवाळ्यात जवळपास येतच नाही, चैत्र ते आश्विन या पट्ट्यातच फिरत राहतो. ज्यूंनी आकाशाकडे बघणंच सोडलं. 19 वर्षांचं चक्र, त्यात 3, 6, 8, 11, 14, 17 आणि 19 ही वर्षं तेरा महिन्यांची, आणि जादा महिना नेहमी अदार. 19 सौरवर्षं आणि 235 चांद्रमास यांच्यात जेमतेम दोन तासांचा फरक राहतो. ज्यू गणित तासाचे 1080 भाग करतं, आणि महिना धरतं 29 दिवस, 12 तास, 793 भागांचा. आजच्या खगोलशास्त्राच्या सरासरीपेक्षा हा आकडा अर्ध्या सेकंदाइतकाच जास्त आहे. दुर्बिणीच्या कितीतरी आधीचा हिशोब आहे हा!

एवढ्यावर भागत नाही. नववर्ष रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचं नाही, असा दंडक आहे. बुधवारी आलं तर दारफळणी शुक्रवारी पडेल, शुक्रवारी आलं तर रविवारी. दोन्ही वेळा शनिवारचा विसावा तिला चिकटून येणार, म्हणजे सलग दोन दिवस चूल बंद. रविवार टाळण्याचं कारण तिश्रीच्या एकविसाव्या दिवसाचे विधी. ते शनिवारी करता येत नाहीत. मग वर्ष सरळ एक-दोन दिवस पुढे ढकलतात. अमावास्या आणि नव्याचा सण यांच्यात कधीकधी दिसणारी फट यातूनच येते.

2026 मध्ये 2023 चाच खेळ पुन्हा आहे. धोंडा ज्येष्ठात, 17 मे ते 15 जून, तर ज्यूंचा जादा अदार थेट 2027 च्या सुरुवातीला. मधल्या काळात दोन्ही पंचांगं एका महिन्यानं चुकलेली राहतात. त्यामुळे 5787वं वर्ष 12 सप्टेंबरला, शनिवारी लागेल, आणि सोमवारी गणपती बसतील. अदार पुरा झाला की जोडी जमते: 2027 चा नव्याचा सण 2 ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्राच्या पहिल्या दिवसांत.