गादी, किताब आणि बाकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा नागपूरकर बायकांची सकाळपासून धांदल असते. तान्ह्या पोळ्यासाठी नातवाचा लाकडी बैल सजवायचा, त्याला झूल शिवायची, आणि सगळं आवरून मारबतींची मिरवणूक बघायला गच्चीवर जायचं. यंदा आमची नवी सून सोबत होती. तिचं माहेर पुण्याचं. काळी मारबत समोरून जाऊ लागली तशी तिने विचारलं, "आई, ही काळी बाई कोण हो?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवं, ते बाकाबाई नाही का! भोसल्यांची. इंग्रजांना मिळाली म्हणून तिला दरसाल जाळतात बाप्पा."

"पण तिने केलं तरी काय?" सुनेने विचारलं.

काकू गप्प, मीही गप्प. इतकी वर्षं नागपुरात काढली, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मग म्हटलं, वाचून तर पाहू.

सातारचा किताब

इंग्लंडातल्या लॉर्ड, ड्यूक, अर्ल यांच्या घराण्यांबद्दल आपण कादंबऱ्यांतून पुष्कळ वाचतो. तसाच वंशपरंपरागत किताब आपल्या नागपूरकर भोसल्यांकडेही होता. 'सेनासाहेब सुभा' हा तो किताब. 1707 साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा परसोजी भोसले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याबद्दल महाराजांनी त्यांना हा किताब आणि वऱ्हाडचा मोकासा दिला. परसोजींनंतर तो कान्होजींकडे आणि मग पहिल्या रघूजींकडे आला.

नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने. पुढे गोंड घराण्यात वारसाचा तंटा माजला. राणी रतनकुंवरने रघूजींना मदतीला बोलावलं आणि रघूजी इथलेच झाले. गोंड राजाचा मान त्यांनी ठेवला, पण सत्ता त्यांच्या हाती राहिली.

किताब वंशपरंपरागत असला तरी आपोआप मिळत नसे. प्रत्येक वारसाला साताऱ्याहून वस्त्रं आणावी लागत. त्यासाठी पुण्याला पेशव्यांचं मन वळवायचं, नजराणा भरायचा. 1755 साली रघूजी वारले आणि भावाभावांत जुंपली. शेवटी सेनासाहेब सुभा झाले जानोजी, आणि मुधोजींची समजूत 'सेनाधुरंधर' या दुसऱ्या किताबावर काढली गेली. जानोजींना मूल नव्हतं. त्यांच्यानंतर मुधोजी आणि साबाजी हे भाऊ लढले. 1775 साली नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी ठार झाले आणि गादी मुधोजींच्या मुलाकडे, दुसऱ्या रघूजींकडे गेली. घरातली भांडणं काय आपल्याकडेच होतात असं नाही!

लेकीचा मुलगा गादीवर

बाकाबाई या दुसऱ्या रघूजींची राणी. 1816 साली नवऱ्यामागे त्या विधवा झाल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी काय काय नाही पाहिलं! वेडसर परसोजी गादीवर आले, वर्षभरात गेले. त्यांच्या जागी आलेले आप्पासाहेब 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढले आणि हरले. 1818 साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं.

आता गादीवर कोण? दुसऱ्या रघूजींच्या लेकीचा लहान मुलगा. परसोजींच्या विधवा राणी दुर्गाबाईंनी त्याला दत्तक घेतला आणि तो तिसरा रघूजी झाला. हे सगळं इंग्रजांच्या संमतीने घडलं. मूल लहान, म्हणून राजवाड्याचं सगळं बाकाबाई पाहत. पण कारभाराच्या किल्ल्या इंग्रज रेसिडेंट जेनकिन्सकडे होत्या.

तेच इंग्रज, तीच विधवा

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले. पोटी मूल नव्हतं, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. राण्यांनी नात्यातला यशवंतराव दत्तक घेऊन त्याचं नाव जानोजी ठेवलं. 1818 साली विधवेने घेतलेला दत्तक चालला होता. 1854 साली मात्र गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तो मान्य केला नाही. राज्य खालसा झालं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, राण्यांचं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. आपल्या अंगावरचं एक मंगळसूत्र गहाण टाकताना जीव कसा होतो, ते ज्या बाईने अनुभवलंय तिला हे वेगळं सांगायला नको.

1857 चं बंड झालं तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईंनी आपलं वजन इंग्रजांच्या बाजूने टाकलं. काळ्या मारबतीचं मूळ लोक इथेच सांगतात. तिने असं का केलं असेल? हाताशी फौज नाही, घरात विधवा राण्या आणि एक दत्तक मुलगा. उरलंसुरलं घर वाचवावं, एवढाच तिचा हिशेब असेल असं मला वाटतं. तिने केलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही. पण दोष सगळा तिच्याच पदरात काहून टाकायचा? पुढे सरकारने जानोजींना 'राजेबहादूर' हा किताब दिला, तो सातारा जिल्ह्यातल्या देऊर गावच्या नावाने. नागपूरचं राज्य मात्र गेलं ते गेलंच.

आणि दैवाची गंमत बघा. डलहौसी मोठ्या खानदानी घराण्यातला. 'अर्ल' हा किताब वडिलोपार्जित, त्यात 1849 साली 'मार्क्विस' हा आणखी मोठा मिळाला. त्याला दोन मुलीच. इंग्लंडात असा किताब बहुधा मुलींना जात नाही, दत्तकाला तर नाहीच. 1860 साली तो वारला. अर्लपद चुलतभावाला गेलं आणि मार्क्विसचा किताब त्याच्याबरोबरच संपला. वारस नाही म्हणून दुसऱ्याचं राज्य घेणाऱ्याच्या किताबालाही वारस उरला नाही.

आपल्यासाठी काय?

आज आपल्याकडे संस्थानिकांचे किताब नाहीत, 1971 सालीच ते गेले. पण दत्तक, वारसा आणि कागद हे विषय घरोघरी आहेतच. 1956 च्या कायद्याने हिंदू विधवेला स्वतःच्या हक्काने दत्तक घेता येतो, आणि मुलाइतकीच मुलगीही घेता येते. तेव्हा मूल दत्तक घेतलं असेल तर त्याचा दस्त नोंदवून ठेवा. मृत्युपत्राचं बोलणंही नवरा-बायकोने हातपाय धड आहेत तोवर करून टाकावं. "पाहू पुढं" म्हणता म्हणता राज्य गेलं, आपला तर दोन खोल्यांचा फ्लॅट!

2025 साली लंडनच्या लिलावातून पहिल्या रघूजींची तलवार महाराष्ट्र सरकारने परत आणली. तिच्या पात्यावर देवनागरीत 'सेनासाहेब सुभा' अशी अक्षरं आहेत. किताब परत आला, तो असा, पोलादावर कोरलेला.

हे सगळं मी सुनेला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मिरवणूक बघू, पण काकूंना ही गोष्ट आधी सांगू."