भोकांच्या तबकडीत आकाश

जत्रेत शोभेचा एक दिवा मिळतो. पिसाऱ्यासारखे बारीक तंतू आणि प्रत्येकाच्या फक्त टोकाला उजेडाचा ठिपका! तंतू वाकवला तरी ठिपका विझत नाही. का बरं? तंतूत शिरलेला प्रकाश कडेवर आदळून पुन्हा आतच परततो आणि असा आदळत-आदळत दुसऱ्या टोकाला पोचतो.

हेच तंतू खगोलशास्त्रज्ञांच्याही कामी आले. त्यांची अडचण अशी : आकाशाच्या फोटोत अंधुक ठिपक्याची जागा कळते, पण तो किती दूर आहे हे कळत नाही. जवळचा मंद तारा आणि अतिदूरची दीर्घिका फोटोत सारखेच दिसू शकतात! म्हणून त्यांच्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे इंद्रधनुष्यासारखा पट्टा, तपासतात. दूरच्या दीर्घिकेच्या पट्ट्यातल्या रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या असतात. जितकी दूर, तितक्या जास्त. पण लाखो ठिपके एकेक करून तपासायला जन्म पुरायचा नाही!

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट इथे २.५ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. २००० साली तिथे 'स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे' सुरू झाला. आधी फोटोंवरून ठिपक्यांच्या जागा मोजल्या. मग ॲल्युमिनियमच्या तबकडीला नेमक्या तिथेच ६४० भोकं पाडली. माणसं हातानं प्रत्येक भोकात एकेक तंतू खोचत. रात्री तबकडी दुर्बिणीला लावली, की ६४० ठिकाणचा प्रकाश एकदम गोळा! मात्र तंतूची रुंदी जेमतेम ०.१८ मिलिमीटर. भोक तेवढं जरी सरकलं, तरी हाती काळोखच!

एका भागाची तबकडी आकाशाच्या दुसऱ्या भागाला चालत नाही. म्हणून काम संपलेल्या कितीतरी तबकड्या शाळांना दिल्या गेल्या. पुढे हे काम यंत्रांकडे आलं. ॲरिझोनातल्या किट पीकवर २०२१ साली 'डेसी'चं सर्वेक्षण सुरू झालं. तिथे ५००० चिमुकले यंत्रमानव तेवढेच तंतू काही मिनिटांत जागेवर आणतात.

तुम्हीही एक तबकडी करा. पुठ्ठ्यावर सप्तर्षींच्या आकृतीत सात भोकं पाडा आणि अंधारात मागून बॅटरी लावा. सातही तारे एकाच अंतरावर वाटतील. प्रत्यक्षात वसिष्ठ सुमारे ८० प्रकाशवर्षं दूर आहे, तर क्रतू सुमारे १२०! पुठ्ठ्याला न दिसणारं हे अंतर शोधण्यासाठीच तर सगळा खटाटोप, बरं का!