घरच्या घरी अल्ट्रासोनिक सफाई: पाणी चालेल, पेट्रोल नको!

अंधेरीच्या सीप्झमधील दागिन्यांच्या कारखान्यांत वापरला जाणारा अल्ट्रासोनिक क्लीनर आता छोट्या आकारात घरीही येतो. पेनची निब, सायकलची चेन, जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरचा जेट अशा ब्रश न पोहोचणाऱ्या वस्तूंसाठी तो उपयोगी ठरतो.

कसा चालतो?
माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या यंत्राची कंपने बहुतेकदा ४० किलोहर्ट्झची असतात. त्यामुळे पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फटींतला मळ सुटतो.

धोका कुठे?
ग्रीस लवकर निघावे म्हणून टाकीत पेट्रोल किंवा थिनर ओतू नका. यंत्र चालताना द्रव तापतो, वाफ खोलीत पसरते आणि एका ठिणगीने आग लागू शकते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब पुरेसे आहेत.

हे लक्षात ठेवा
• रिकामी टाकी सुरू करू नका.
• वस्तू जाळीत ठेवा, तळाला टेकवू नका.
• यंत्र सुरू असताना पाण्यात हात घालू नका.
• मोती, पाचू, ओपल यात टाकू नका.
• धुतल्यावर लगेच वाळवा. पावसाळ्यात ओल्या चेनला पटकन गंज चढतो. वाळल्यावर तेल द्या.