कस्तूर आणि हरिता : तुलना कशाच्या आधारावर?

मंडळी, आपलं लोणंद पर्जन्यछायेतलं. पण पावसाळ्यात महाबळेश्वरकडे गेलात, तर पहाटे ओढ्याकाठी कोणी पोरगं शीळ घालतंय असं वाटतं. तो शीळकरी कस्तूर. इंग्रजांनी तर त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोर' असंच नाव दिलं. म्हणजे बघा, पक्षी आवडला तो आपल्यासारखा वाटला म्हणून.

आता दुसरं टोक. ताकाकिया ही तिबेटच्या पठारावर, सुमारे चार हजार मीटर उंचीवर वाढणारी हरिता, म्हणजे मॉस. आपण सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. तिचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा. हिमालय त्यापुढे कालचा. वर्षातले आठेक महिने ती बर्फाखाली असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती तिथे दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटताना आढळली. कारण तापमानवाढ. कस्तूर मात्र आंतरराष्ट्रीय यादीत धोक्याबाहेर आहे.

तरी कळवळा कोणाचा येतो? कस्तुराचाच. मलाही. भिंतीवरची हरिता मी दर पावसाळ्यात तारेच्या ब्रशने खरवडतो, तेव्हा हात अडखळत नाही.

पीटर सिंगर यांनी १९७५ साली मांडलं, की ज्याला वेदना होते त्याचं हित विचारात घ्यायलाच हवं. कस्तूर त्यात बसतो, हरिता बसत नाही. पॉल टेलर यांनी १९८६ साली वेगळी वाट धरली : वेदना नसली तरी प्रत्येक सजीवाचं स्वतःचं भलं-वाईट असतं. पाणी मिळालं तर हरिता वाढते, ऊन वाढलं तर मरते. तिला कळत नाही, पण तिचं नुकसान होतंच ना?

आपल्या न्यायदर्शनात उपमान हे प्रमाण आहे. गवय गाईसारखा असतो हे ऐकलेला माणूस रानात गवय ओळखतो. पण सादृश्यातून ओळख पटते, योग्यता ठरत नाही. आपण नेमकी इथेच गल्लत करतो. आपल्याशी साम्य जितकं जास्त, तितकी किंमत जास्त धरतो.

आणि व्यवहारातही बघा. कस्तूर घरटं बांधतो ते मुळं, चिखल आणि हरिता वापरून. ती हरिता ताकाकिया नव्हे, तिची इथली भावंडं. शीळ ऐकायला आपण इतक्या लांब जातो. घरट्यातली हरिता कोणी विचारत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.