बाल्कनीत धुकं, तेही मार्चमध्ये!

अनंताची फांदी पावसाळ्यात खोचायची असते, हे आजीकडून शंभरदा ऐकलेलं. पण बिल्डरला हे कोण सांगणार? आमची पुण्यातली जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि घरं रिकामी करायची तारीख पडली ३० एप्रिल. गेटपाशी आजीने लावलेल्या अनंताच्या जागी नव्या प्लॅनमध्ये पार्किंगचा रॅम्प! म्हणजे कटिंग (चहाचं नव्हे!) मार्चमध्येच घेणं भाग. आणि पुण्यातल्या मार्चमध्ये दोरीवरची जीन्ससुद्धा दोन तासांत कडक वाळते.

प्रॉब्लेम साधा आहे. कापलेल्या फांदीला मुळं नसतात, पण पानं मात्र पाणी उडवतच राहतात. मुळं फुटायच्या आत ती सुकली की खेळ खल्लास. पावसाळ्यात हवाच दमट, म्हणून फांदी तग धरते. नर्सरीवाले हीच हवा मिस्ट चेंबरमध्ये तयार करतात. दर काही मिनिटांनी काही सेकंद बारीक फवारा, की पानं ओली आणि थंड. स्प्रेच्या बाटलीने हे जमवायचं तर बॉसला काय सांगणार? ‘अनंताला पाणी मारून येते’?

मग जुगाड! वॉटर प्युरिफायरच्या सुट्या भागांच्या दुकानात २४ व्होल्टचा बूस्टर पंप, त्याचा अडॅप्टर, पाव इंची पाइप आणि छोटा फिल्टर मिळाला. ०.३ मिलिमीटर भोकाची चार नोझल्स आणली. खरी गंमत टायमरची. गीझरचा साधा टायमर पंधरा मिनिटांखाली येत नाही. म्हणून तापकीर गल्लीतून सेकंदांत सेट होणारा सायकलिक टायमर घेतला. गीझरचा टायमर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा करंट देतो, दुसरा त्यात दर दहा मिनिटांनी दहा सेकंद पंप चालवतो. रात्री सुट्टी, रात्रभर ओलं राहिलं की बुरशी आलीच. वीस लिटरचा कॅन आठवडाभर पुरतो. पाणी प्युरिफायरचंच घाला; बोअरच्या पाण्यातले क्षार नोझल बुजवतात. बुजलंच तर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका. आणि प्लग, अडॅप्टर, टायमर खोलीच्या आत, फवाऱ्यापासून लांब. इथे जुगाड नको!

पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा आडवा ठेवला, तळाला भोकं पाडली. कोकोपीट आणि परलाइट निम्मं-निम्मं. पाच इंची, अर्धवट पिकलेल्या चोवीस फांद्या पेराच्या खाली कापल्या, खालची पानं काढली, टोकाला रूटिंग हॉर्मोन लावलं. आईचं मत : ‘अगं, झाडांना वाफ काय देतेस?’

पाचव्या आठवड्यात एक फांदी हलकेच ओढून पाहिली. येईना! पण मुळं फुटली म्हणून फवारा एकदम बंद करायचा नाही. फवाऱ्यातलं अंतर मी आधी वीस मिनिटं केलं, मग चाळीस. असं दहा दिवस. इथे घाई केली की चांगली रोपंही माना टाकतात.

चोवीसपैकी पंधरा जगली. आमची बारा कुटुंबं आता कोथरूडपासून विमाननगरपर्यंत भाड्याच्या घरांत पांगलीत. प्रत्येक बाल्कनीत एक अनंत आहे. तीन मी राखून ठेवलीत. नव्या गेटपाशी दोन बाय दोन फूट माती मोकळी सोडायची, हे सेक्रेटरीकाकांकडून लेखी घेतलंय.