सोनईचे पान पुण्यात का दिसेना?

नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. मुळा सहकारी साखर कारखाना येथेच आहे, आणि राहुरीकडून शनिशिंगणापूरला जाणारी मंडळी याच गावावरून पुढे जातात. या गावातील अकरावीच्या एका विद्यार्थ्याची ही हकिकत आहे.

त्याचे वडील शेतात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस वहीत टिपतात. मुलाने त्या नोंदींचे एक वेबपान तयार केले. जुन्या संगणकावर लिनक्स बसवले, त्यावर 'अपॅची' हा सर्व्हर चालू केला आणि ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ असा पत्ता टाइप केला. पान झळकले! लगेच त्याने पुण्यात शिकणाऱ्या ताईला फोन करून हा पत्ता सांगितला. ताईला काहीच दिसले नाही. "एवढ्या खटपटीपेक्षा वही काय वाईट?" असे वडील म्हणाले, तेव्हा बिचारा फारच खट्टू झाला.

त्याने मला संदेश पाठवला, "सर, सर्व्हर चालत नाही. काय करू?" आता तुम्हीच सांगा, डॉक्टरांकडे जाऊन नुसते "बरे वाटत नाही" म्हटले, तर ते औषध कशावर देणार? मी त्याला उलट विचारले : तू नेमके काय केलेस? काय दिसावे अशी अपेक्षा होती? आणि पडद्यावर अक्षरशः काय उमटले? त्याचा दुसरा संदेश चांगला दोन पाने भरेल एवढा होता, आणि निम्मे उत्तर त्यातच होते.

सर्व्हर म्हणजे कोणी अजस्र यंत्र, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तो एक प्रोग्राम असतो. कोणी काही मागेपर्यंत तो थांबून राहतो, आणि मागणी आली की हवी ती फाइल पाठवतो. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत चालू केला. तो त्यांच्या टेबलावरच्या संगणकावरच चाले. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्यावर चिकटवली होती. (आपल्याकडे अशी चिठ्ठी वीजमंडळाला दाखवून उपयोग नाही, हा भाग वेगळा!)

मग ताईला पान का दिसले नाही? १२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थ प्रत्येक संगणकापुरता "मी स्वतः" असा असतो. ताईच्या संगणकाने ते पान स्वतःजवळच शोधले. तिथे ते कुठून असणार?

घरातल्या वायफायवर त्याच्या संगणकाचा पत्ता होता १९२.१६८.१.७. आईच्या मोबाइलवर तो टाइप करताच पान उघडले. म्हणजे सर्व्हर चांगला चालत होता! पण पुण्यातून मात्र हाही पत्ता निरुपयोगी ठरला. याचे कारण मोठे मजेदार आहे. इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा पत्ता ० किंवा १ अशा ३२ अंकांचा असतो. असे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ होतात. माणसेच ८०० कोटींहून अधिक, मग ते पुरणार कसे? म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. वाड्यातल्या खोल्यांचे क्रमांक जसे. "खोली नंबर ७" एवढाच पत्ता पाकिटावर लिहिला, तर टपाल पोचेल का? बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा पत्ता दिसतो. पुष्कळदा तोही अनेक ग्राहकांत मिळून एकच असतो. आतून कोणी काही मागवले, तर राउटर त्याची आठवण ठेवतो आणि आलेले उत्तर त्या खोलीत पोचवतो. पण न बोलावता बाहेरून आलेली मागणी कोणाकडे द्यावी, हे त्याला ठाऊक नसते. तो ती टाकून देतो.

"मग राउटरमध्ये दार उघडून देऊ का?" असे त्याने विचारले. एका पत्त्यावर १ ते ६५,५३५ अशी क्रमांकांची दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. वेबपानांसाठी ८० आणि ४४३ हे क्रमांक ठरलेले आहेत. दार उघडणे शक्य होते, पण मी स्पष्ट नाही म्हटले. शिंगणापूरला घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. तिथे ती शोभते. इंटरनेटवर तसे करून चालत नाही. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी असा प्रोग्राम तयार केला, की एकच संगणक साऱ्या जगातल्या पत्त्यांचे एकेक दार ४५ मिनिटांच्या आत ठोठावू शकतो. चोरटेही हेच तंत्र वापरतात. आणि आमच्या या मित्राचा पासवर्ड काय होता? त्याचे स्वतःचेच नाव! त्याच संगणकात घरच्यांचे फोटो आणि वडिलांच्या बँकेची कागदपत्रे होती.

शेवटी त्याने एका कंपनीच्या संगणक केंद्रात थोडी जागा भाड्याने घेतली. तिथे वीज जात नाही आणि पत्ताही सार्वजनिक असतो. पासवर्ड बदलून, पान तिकडे चढवून, त्याने ताईला फोन केला. पान उघडले, पण मराठीच्या जागी सगळी चमत्कारिक चिन्हे!

हा प्रकार मला ओळखीचा होता, कारण मी स्वतः त्यापायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. संगणक अक्षरे नव्हे, अंक साठवतो. युनिकोड या संकेतात 'म' चा क्रमांक २३५० आहे, आणि तो 'यूटीएफ-८' पद्धतीने साठवताना २२४, १६४, १७४ असे तीन बाइट लागतात. 'सोनई' या शब्दात स, ओकाराची मात्रा, न आणि ई अशी चार चिन्हे, म्हणून बारा बाइट. ते तिनातिनांच्या गटाने वाचायचे, हे ब्राउझरला कळले नाही, तर तो प्रत्येक बाइट सुटा वाचतो आणि चार चिन्हांऐवजी बारा रोमन-युरोपीय चिन्हे काढतो. घरच्या सर्व्हरच्या मांडणीत ही सूचना आधीच होती, नव्या ठिकाणी नव्हती. पानाच्या आरंभी यूटीएफ-८ ची एक ओळ घालताच मराठी अक्षरे जागेवर आली.

पाच मिनिटांत ताईचा फोन आला. तिने पान वाचले होते, आणि सप्टेंबरातल्या एका दिवशी सोनईत २१५ मिलिमीटर पाऊस पडलाच कसा, असे ती विचारत होती. वडिलांनी वही उघडून पाहिली. तिथे २१.५ लिहिले होते.