टीएमएस म्हणजे शॉक नव्हे

कर्जत, मिरजगाव, राशीनच्या पट्ट्यात नैराश्य बहुतेकदा अंगाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येतं. झोप नाही, डोकं जड, जेवण जात नाही, कामात मन लागत नाही. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडला नाही, तर शहरातले मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी टीएमएस, म्हणजे चुंबकीय ठोक्यांनी मेंदू चेतवण्याचा उपचार, सुचवतात. मग घरात पहिला प्रश्न उठतो, "म्हणजे डोक्याला शॉक देणार?"

नाही. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन, डोक्यातून वीज सोडून मुद्दाम फीट आणतात. ईसीटीही सिनेमातल्यासारखी क्रूर नसते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलीविना ईसीटी देण्यास बंदी आहे, आणि अतितीव्र नैराश्यात हा उपचार जीव वाचवतो. टीएमएसची रीतच वेगळी. माणूस जागेपणी खुर्चीत बसतो, कानांत बोळे घालतो. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवतात, टक्‌ आवाज होतो आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. अंगठा जेमतेम उडेल एवढी ताकद शोधून त्यावर प्रत्येकाची मात्रा ठरते. मग कॉइल पाच-सहा सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या दिशेने सरकवतात. नैराश्यात मेंदूचा हा भाग मंदावलेला आढळतो.

दुसरा घोळ चुंबकाचा. बाजारातले चुंबकाचे पट्टे आणि कडी यांच्याशी टीएमएसचा काही संबंध नाही. पट्ट्यातलं चुंबक स्थिर असतं, त्याने मेंदूत वीज निर्माण होत नाही. बदलतं चुंबकीय क्षेत्र मात्र वीज निर्माण करतं. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेल्या याच नियमावर गावातल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर चालतो. कॉइलमधलं क्षेत्र सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात चढतं-उतरतं, कवटीतून आरपार जातं आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या चेतापेशींना चेतवतं. असं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये चालवलं. अमेरिकेत नैराश्यासाठी मान्यता मिळाली 2008 मध्ये.

क्षणभर चेतवून आजार कसा हटेल, ही शंका रास्त आहे. एका ठोक्याने काहीच होत नाही. सेकंदाला दहा ठोके, चार सेकंद ठोके आणि सव्वीस सेकंद विश्रांती, असे सुमारे 3000 ठोके एका बैठकीत पडतात. एकत्र चेतणाऱ्या पेशींमधला जोड घट्ट होतो. ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये सशाच्या मेंदूत हे मोजून दाखवलं होतं. माणसातही हालचालीच्या केंद्रावर ठोक्यांची मालिका दिली, तर ती थांबल्यावरही स्नायूंचा प्रतिसाद काही काळ वाढलेला राहतो, आणि जोड घट्ट करणारा एनएमडीए रिसेप्टर औषधाने अडवला तर ही वाढ दिसत नाही. नैराश्य याच वाटेने उतरतं याचा पुरावा अजून पूर्ण झालेला नाही, पण मला हेच स्पष्टीकरण सर्वांत पटतं. मोठ्या माणसाचा मेंदू बदलत नाही, हा समज तर यातून नक्कीच मोडतो.

आठवण जाते, ही भीतीही निराधार आहे. डोक्याची कातडी दुखणं, डोकेदुखी हे नेहमीचे त्रास. फीटचा धोका हजारात एकाहूनही कमी, तरी अपस्मार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. कवटीत धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार देत नाहीत. औषधांनी उतार न पडलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना टीएमएसने ठळक फरक पडतो, सगळ्यांना नाही. शिवाय गोळ्या लगेच बंद होत नाहीत.

कर्जतकरांची खरी अडचण मात्र प्रवासाची. आठवड्याला पाच, अशा वीस ते तीस बैठका लागतात. नगर 75 किलोमीटरच्या आसपास, पुणे त्याच्या जवळपास दुप्पट. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत तीन मिनिटांची बैठक जुन्या साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीइतकीच गुणकारी ठरली. खुर्चीतला वेळ वाचला, एसटीतला नाही. म्हणून मला स्टॅनफर्ड विद्यापीठाची पद्धत जास्त मोलाची वाटते. रोज दहा बैठका आणि पाच दिवसांत उपचार पूर्ण. अमेरिकेने 2022 मध्ये तिला मान्यता दिली. तिच्या चाचण्या अजून लहान आहेत, पण पाच दिवस पुण्यात नातेवाइकांकडे राहणं जमू शकतं, सहा आठवडे नाही.

यंत्र नवं म्हणून थेट तिथेच जावं, असंही नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना कोणताच उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्यांची पहिली गोळी, पहिलं समुपदेशनच बाकी आहे. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.